सोळाशे ऐंशी कड्या

सुरुवातीलाच सांगून टाकते, मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. चार महिने झाले. आमचे हे म्हणतात, "साधना, तुझ्या खिशातलं काय गेलं? तू कशाला जीव जाळतेस?" माझ्या खिशातलं काही गेलं नाही हे खरं. पण ते निवृत्तीभाऊ माझ्या ओळखीनं आले होते, आणि "कागद कशाला करायचा, घरचीच माणसं आहेत" असं म्हणणारी शहाणीही मीच होते. तेव्हा थोडा राग माझ्याही वाट्याला येतो आणि तो मी मुकाट्यानं घेते.

आधी सुमनबाई कोण, ते सांगायला हवं. त्या दिवशी सराफाच्या दुकानात हाच प्रश्न विचारला गेला, पण विचारणाऱ्याला आडनावापुढे काही ऐकायचं नव्हतं. मी पूर्ण उत्तर देते.

सुमन धम्मपाल पगारे, वय अठ्ठावन्न, राहणार जेल रोड, नाशिकरोड. सासर-माहेर दोन्ही निफाडकडचं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगा बनवणारी आमची एक कंपनी होती. मी तिथे हिशेब विभागात, पंख्याखाली. सुमनबाई तपासणीत, पत्र्याखाली. एकवीस वर्षं एका लांबलचक टेबलाशी उभ्या राहून त्यांनी गाडीच्या ब्रेकपासून बॉलपेनपर्यंतच्या स्प्रिंगा बघितल्या. मोजायला यंत्र होतं, पण सुमनबाई आधी अंगठ्यानं दाबायच्या आणि मग यंत्राकडे जायच्या. यंत्र बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूनं बोलायचं. प्रत्येक गोणीला कार्ड लागायचं: तार कुठली, जाडी किती, कोणी गुंडाळली, कोणी तपासली. माल वाईट असला की लाल चिठ्ठी.

एकदा चाळीस हजार स्प्रिंगांच्या गोण्यांवर त्यांनी लाल चिठ्ठ्या लावल्या. माल त्याच संध्याकाळी पुण्याला जायचा होता. मॅनेजर स्वतः खाली आले आणि म्हणाले, "सुमनबाई, एवढ्यातेवढ्यानं कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना साहेब," त्या म्हणाल्या.

मॅनेजरांनी शिपायाला चिठ्ठ्या काढायला सांगितलं, तर सुमनबाई गोणीवर बसल्या. अक्षरशः बसल्या आणि डबा उघडून भाकरी खाऊ लागल्या. टेम्पो रिकामा गेला. महिन्याभरात त्यांची बदली पॅकिंगला झाली. तीन महिन्यांत गिऱ्हाइकांकडून माल परत यायला लागला, तेव्हा त्यांना गुपचूप तपासणीत आणून उभं केलं. माफी कुणी मागितली नाही. खालच्या माणसाची माफी मागायची आमच्याकडे पद्धतच नाही.

मग कंपनी बंद पडली. निरोप म्हणून प्रत्येकीला स्टीलच्या डब्यांचा सेट मिळाला, आणि मी ऑफिसातली म्हणून माझ्या सेटमध्ये एक डबा जास्त होता. मी तो घेतला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही इथे लिहून ठेवते.

त्यांचे यजमान धम्मपालभाऊ वायरमन. त्यांच्या घरात खाटेखाली तांब्याच्या तारेचे तुकडे कायम पडलेले. एकदा सुमनबाईंच्या मुलीनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी परदेशी गृहस्थ लोखंडी कड्या एकमेकींत अडकवून जुन्या सैनिकांचं असायचं तसं चिलखत बनवत होता, आणि शेवटी त्याच पद्धतीनं त्यानं बायकोसाठी गळ्यातलं केलं. मुलगी चिलखत बघत होती. सुमनबाई कडी बघत होत्या.

"अगं, ही तर स्प्रिंगच आहे," त्या म्हणाल्या. "कापलेली."

झालं. सळईवर तार गुंडाळायची, तिची स्प्रिंग होते. स्प्रिंग लांबीत कापली की एकेक वेटोळं सुटं होतं, ती कडी. दोन पकडी घेऊन कडी उघडायची, दुसऱ्या कड्यांतून ओवायची, मिटायची. डाग द्यायचा नाही, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडायचा नाही, भट्टी नाही, फुंकणी नाही. सगळी मदार मिटण्यावर. धम्मपालभाऊ आठ दिवस "माझी तार कुठे गेली, माझी तार कुठे गेली" करत घरभर फिरले, आणि नवव्या दिवशी ती तार बायकोच्या गळ्यात दिसली.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती ही साखळी बघायला. एकवीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. पंचवटीतून जेल रोड म्हणजे द्वारका चौकात बस बदलायची, एवढंच अंतर होतं, आणि तेवढं कापायला मला कंपनी बंद पडावी लागली.

त्यांच्या टेबलावर मी जे शिकले ते सांगते, कारण लोकांना वाटतं बाई बसल्याबसल्या मणी ओवते तसलंच काहीतरी हे. तांबं मऊ, हाताशी गोडीनं वागतं, पण घामानं काळं पडतं आणि गळ्यावर हिरवट रेघ सोडतं. ते शिकायला चांगलं, आणि चिंचेनं घासायची तयारी असेल तर वापरायलाही. पितळ कडक आणि दिसायला भारदस्त, पण उन्हाळ्यात त्याला वास येतो. ॲल्युमिनियम इतकं हलकं की गळ्यात आहे की नाही कळत नाही. ते सुमनबाईंना आवडत नाही. "दागिना अंगावर आहे हे अंगाला कळलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. स्टील बोटांची सालं काढतं आणि गुंडाळून सोडलं की परतून मोठं होतं, म्हणून त्याला सळई बारीक घ्यायची. आणि जर्मन सिल्व्हर! त्याचं नाव काढलं की सुमनबाईंचा चेहरा लाल चिठ्ठीसारखा होतो. नाव सिल्व्हर, आत चांदी औषधालाही नाही, आणि त्यातल्या निकेलनं निम्म्या बायकांच्या मानेला खाज सुटते. प्रदर्शनांत दर दुसऱ्या टेबलावर ते विकायला असतं. त्याला कुणी भेसळ म्हणत नाही.

विणींची नावं त्यांनीच ठेवलेली. चटई म्हणजे सपाट, प्रत्येक कडी चार कड्यांतून जाते. गोफ म्हणजे गोल. खवल्याची म्हणजे दाट, माशाच्या अंगासारखी. कुठल्या विणीला कुठली कडी, हे त्या पोटावरून ठरवतात. पोट म्हणजे कडीच्या आतली जागा. चटईला पोट तारेच्या जाडीच्या चौपट लागतं. त्याहून कमी असेल तर पट्टा काठीसारखा ताठ होतो, जास्त असेल तर जाळ्यासारखा लोंबतो. आणि धातू बदलला की सगळं गणित पुन्हा मांडायचं. "तांब्यात केलंत तेच स्टीलमध्ये करून द्या" असं गिऱ्हाईक सहज म्हणतं. सुमनबाई त्या वेळी नुसत्या हसतात. मला हसू येत नाही.

कडी मिटल्यावर त्या फटीवरून नख फिरवतात. मग जुन्या जॉर्जेट साडीचा तुकडा सगळ्या साखळीवरून ओढतात. एक धागा जरी अडकला तरी ती कडी बाद. इतकी काळजी मी माझ्या हिशेबाच्या वह्यांचीही कधी घेतली नव्हती.

आणि लोक काय विचारतात? गंगापूर रोडला बचत गटांचं प्रदर्शन होतं, मी दोन दिवस त्यांच्या टेबलावर बसले. एक बाई साखळी हातात घेऊन तोलते आणि विचारते, "मोड किती येईल?" मोडीला किती येतील! अजून गळ्यात घातली नाही आणि हिला मोडायची घाई. दुसरी म्हणते, "तांब्याचा भाव बघितला तर हे फारच महाग सांगता." अहो, मग तांबंच घ्या ना किलोवर, भांड्यांच्या दुकानात जाऊन. आपल्याकडे दागिना म्हणजे वजन. घडणावळ म्हणजे सोनारानं उकळलेला दंड. करणाऱ्याच्या हाताला काही किंमत असते हे आपल्या आज्यांनाही पटलं नव्हतं, आणि आता फोनवर जगभरचं बघणाऱ्या नातींनाही पटत नाही.

पल्लवी तशी नव्हती, हे मात्र म्हटलं पाहिजे. तिची आई झुंबरबाई माझ्या दारात पंधरा वर्षं मेथी-शेपू घेऊन येते. वडील निवृत्तीभाऊ, मखमलाबादकडे त्यांची भाजी आणि शेवंती, माणूस खाऊनपिऊन सुखी. पल्लवी एका दवाखान्यात नर्स आहे. तिचं लग्न ठरलं होतं. आईबरोबर एकदा आली, माझ्या गळ्यातली सुमनबाईंची साखळी बघितली आणि तिथेच पायरीवर बसली. खोटे दागिने घातले की तिच्या अंगाला पुरळ यायचं. ती म्हणाली, "मावशी, मला अशा विणीचा कंबरपट्टा पाहिजे. चांदीत."

चांदी घरात होती. निवृत्तीभाऊंच्या आईचे, ठमाबाईंचे, पायातले तोडे, अर्धा किलोचे. ठमाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. निवृत्तीभाऊंनी ते सराफाकडे दिले. त्यानं आटवून, शुद्ध करून तीनशे सत्तर ग्रॅमची पट्टी दिली. पट्टाही मीच करून देतो, मशीनचा, असं तो म्हणत होता, पण पल्लवी हटून बसली. मग मी सुमनबाईंना फोनवर सगळं सांगितलं आणि दोन दिवसांनी तिघांना घेऊन जेल रोडला गेले.

सुमनबाईंनी चांदीत कधी काम केलं नव्हतं. त्यांनी पट्टी दोन्ही हातांवर घेतली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. एकवीस वर्षं दुसऱ्याच्या स्प्रिंगा, मग तीन वर्षं तांबं-पितळ, आणि आता कुणाच्या तरी लग्नात कुणाच्या तरी कमरेला आपल्या हातची चांदी. मला म्हणाल्या, "मॅडम, नवरी वाकून नमस्कार करेल तेव्हा मला ते बघायचंय. बाकी काही नको."

मग त्या कामाच्या गोष्टीवर आल्या. आदल्या दिवशीच त्यांनी बाजारातून चांदीच्या दोन तारा आणून दोन कड्या करून ठेवल्या होत्या. एक शुद्ध चांदीची, एक शंभरात साडेसात तांबं मिसळलेल्या चांदीची. दोन्ही निवृत्तीभाऊंच्या हातात दिल्या.

"ओढा," त्या म्हणाल्या.

शेतकऱ्याची बोटं ती. शुद्ध चांदीची कडी क्षणात उघडून आकड्यासारखी झाली. दुसरी हलली नाही.

"आपल्या कामात डाग नसतो," सुमनबाई म्हणाल्या. "नुसती मिटलेली कडी. शुद्ध चांदी मऊ असते. पल्लवी वाकली, बसली, कुणी लहान पोर येऊन बिलगलं, की कड्या उघडणार आणि पट्टा मांडवात खाली पडणार. म्हणून तीस ग्रॅम तांबं घालावं लागेल. तुमची चांदी तेवढीच राहील, वर माझं तांबं. चालेल?"

"बरोबर हाय," निवृत्तीभाऊ म्हणाले. "करा तुम्हाला योग्य वाटंल तसं."

सुमनबाईंनी ड्रॉवरमधून कार्ड काढलं. कंपनीच्या नमुन्यावर हातानं आखलेलं. चांदी किती, तांबं किती, तारेची जाडी, कडीचं पोट, वीण, आणि खाली गिऱ्हाइकाची सही. त्यांनी ते निवृत्तीभाऊंच्या पुढे सरकवलं. निवृत्तीभाऊंनी कार्डाकडे बघितलं, झुंबरबाईकडे बघितलं, आणि खोलीत जरा गारठा आला.

तिथे मी तोंड घातलं. "अहो सुमनबाई, सही कसली मागता? पंधरा वर्षांची ओळख आहे माझी. लग्नाचं काम आहे, कोर्टाचं नाही."

आयुष्यभर पावतीशिवाय पाच रुपये न सोडणारी मी! पण आपल्यात ओळखीच्या माणसाकडे सही मागितली की तो अविश्वास होतो, अपमान होतो, आणि त्या अपमानाची मला त्या वेळी भारी काळजी. सुमनबाईंनी कार्ड मागे घेतलं. सहीची जागा कोरी राहिली.

तीन आठवडे त्यांनी ते काम केलं. आटणीवाल्याकडे समोर उभं राहून चांदी-तांबं एकत्र करून घेतलं. तार ओढून घेतली. चांदी परतते किती, हे अंगाला कळेपर्यंत पंचवीस कड्या करून पुन्हा आटणीत टाकल्या. चटई वीण घेतली, कारण ती कमरेबरोबर वळते. सोळाशे ऐंशी कड्या. पट्टा घेऊन जायला निवृत्तीभाऊ आले तेव्हा सुमनबाईंनी एका डब्यात पट्टा दिला आणि एका पुडीत उरलेली तार आणि कापताना पडलेला चांदीचा कीस. कीससुद्धा! कुठला सोनार कीस परत देतो हो?

पल्लवीनं पट्टा घरी लावून बघितला आणि मला फोन केला. ती नुसती हसत होती. "मावशी, पाण्यासारखा आहे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता निवृत्तीभाऊंचा फोन आला.

"ताई, तुमच्या त्या बाईनं चांदीत तांबं घातलंय. पंधरा ग्रॅम चांदी बी गायब हाय. सराफाकडं या. तिला घेऊन या."

काट्यावर घातल्याशिवाय चांदी घरात ठेवायची नाही, अशी त्यांच्याकडे रीत. म्हणून ते पट्टा घेऊन सराफ बाजारात त्याच सराफाकडे गेले होते, ज्याच्या हातून हे काम गेलं होतं. त्यानं टंच काढायच्या, म्हणजे शुद्धता मोजायच्या, मशीनखाली पट्टा धरला. शंभर नाही, साडेब्याण्णव. काट्यावर तीनशे चौऱ्याऐंशी. दोन आकड्यांचा गुणाकार करून त्यानं चोर ठरवून टाकला.

आम्ही पोहोचलो तेव्हा गादीवर सराफ, पुढे निवृत्तीभाऊ आणि झुंबरबाई, आणि कोपऱ्यात स्टुलावर पल्लवी, डोळे सुजलेले. सराफानं सुमनबाईंना बसा म्हटलं नाही. मला म्हटलं. मी बसले नाही.

"बाई, तुमचं आडनाव काय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"पगारे."

"पगारे म्हणजे... कुठले?"

"निफाडकडचे."

त्यानं निवृत्तीभाऊंकडे बघून मान हलवली, सगळं समजल्यासारखी. "म्हणजे सोनारकाम घराण्यात नाही तुमच्या."

महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही मी हे समजावून सांगायला नको. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "शेट, टंच चांदीचा काढा, माणसाचा नको!" रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत बघू लागली. सुमनबाईंनी माझा हात धरला आणि सराफाला शांतपणे विचारलं, "डब्यात पुडी होती, ती कुठंय?"

पुडी बाजूला टाकलेली होती. कचरा समजून. सुमनबाईंनी ती काट्यावर ठेवायला लावली. सोळा ग्रॅम. पट्टा आणि पुडी मिळून चारशे. त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं आणि बोट ठेवून वाचलं, "तीनशे सत्तर तुमची चांदी, तीस माझं तांबं. चारशे. शेट, साडेब्याण्णवनं गुणा."

सराफानं कॅल्क्युलेटर दाबला. मग पुन्हा दाबला. "हिशेब जुळतो," तो म्हणाला, आणि लगेच पुढे, "पण तांबं ते तांबंच. उद्या मोडायला आणलात तर शुद्धाचा भाव मी देणार नाही."

आता तरी प्रकरण मिटेल असं मला वाटलं. चोरी नाही हे काट्यानंच सांगितलं होतं. पण निवृत्तीभाऊ कार्डाकडे बघत म्हणाले, "ह्याच्यावर माझी सही कुठंय? माझ्या आईच्या चांदीत तांबं घाला असं मी म्हनलो नव्हतो."

"तुम्ही स्वतः कडी ओढून बघितली होती," सुमनबाई म्हणाल्या.

"मला काय त्यातलं कळतंय? मला कुनी इचारलं नाय."

"मी तिथे होते निवृत्तीभाऊ," मी म्हणाले. "तुम्ही 'करा' म्हणालात."

"तुम्ही त्यांच्याच बाजूच्या."

"पप्पा, मी पण होते," पल्लवी म्हणाली. "तुमच्या हातात कडी उघडली होती. मला हाच पट्टा पाहिजे."

"तू मधी बोलू नको."

झुंबरबाई पदराचं टोक पिळत खाली बघत होती. तीही तिथे होती. पंधरा वर्षं माझ्या दारात बसून जगाच्या गोष्टी करणारी बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

मी सराफाकडे वळले. "ठमाबाईंचे तोडे तुम्हीच आटवलेत ना? त्यांचा टंच किती निघाला होता?"

त्याला सांगायचं नव्हतं, पण सांगावं लागलं. "जुना माल. चौऱ्याहत्तर."

"म्हणजे पावपट तांबं! ठमाबाईंनी आयुष्यभर पायात भेसळ घातली आणि ती चालली? ह्या बाईनं साडेसात घातलं, सांगून घातलं, पदरचं घातलं, तर ती चोर?"

"माझ्या आईचं नाव काढू नका," निवृत्तीभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज खरंच कापला. आईवर त्यांची माया होती, हे मी नाकारत नाही. पण ती माया सुमनबाईंच्या अंगावर का काढायची?

सुमनबाईंनी हातानं मला थांबवलं आणि निवृत्तीभाऊंना विचारलं, "चोरी मी केली नाही, एवढं तरी म्हणता का?"

"चोरी नाय म्हनत. पन न इचारता घातलं, एवढं खरं."

एकवीस वर्षं कार्डावर सही केल्याशिवाय एक गोणी न सोडणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. ते कार्ड मागे घ्यायला कुणी लावलं होतं, हे त्या सांगू शकल्या असत्या. माझ्याकडे बोट दाखवायचं, बस. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सराफानं तोडगा काढला. "वाद नको. पट्टा इथेच ठेवा. मी आटवतो, तांबं काढून टाकतो, आणि शुद्ध चांदीचा मशीनचा पट्टा आठ दिवसांत देतो. लग्नाला वेळ आहे."

"चालंल," निवृत्तीभाऊ म्हणाले.

सराफ पट्टा उचलायला वाकला, तेवढ्यात सुमनबाईंनी त्यावर हात ठेवला. "वीण आटवू नका," त्या म्हणाल्या. "मी विणलंय, मीच उसवते."

आणि त्यांनी पिशवीतून दोन पकडी काढल्या.

"सुमनबाई, नको," मी म्हणाले. चांगलंच मोठ्यानं म्हणाले. "त्यांना आटवू दे, तुम्ही का हात लावता? चला इथून." त्या बसल्या. दुकानात आल्यापासून पहिल्यांदा बसल्या, कुणी बसा न म्हणता. पट्टा गादीवर लांब पसरला. पहिली कडी बाजूला वळवून उघडली, काढली, डब्यात टाकली. मग दुसरी. चटई विणीत एक ओळ उघडली की शेजारच्या ओळीतल्या मिटलेल्या कड्या आपोआप सुट्या होतात. त्या एक ओळ उघडायच्या, दुसरी सुटायची. मजुरीचा विषय कुणी काढला नाही.

थोड्या वेळानं पल्लवी स्टुलावरून उठून खाली बसली आणि गादीवर सांडलेल्या कड्या वेचून डब्यात टाकू लागली. तिला रडू आवरत नव्हतं. सुमनबाई तिला म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही बाळा. तुझ्या कमरेला छान दिसला असता." आणि पुन्हा पकडी चालू झाल्या.

दोन तास लागले. मी उभी होते. दुकानात गिऱ्हाइकं आली, मंगळसूत्रं बघितली, जोडवी घेतली, गेली. कुणी विचारलं, हे काय चाललंय, तर सराफ म्हणाला, "दुरुस्ती." मला त्या शब्दाचा आजही संताप येतो.

शेवटी गादीवर काही उरलं नाही. सुमनबाईंनी जॉर्जेटचा तुकडा काढून गादीवरून फिरवला, त्याला चिकटलेली एक कडी सापडली, तीही डब्यात टाकली. मग डबा सराफापुढे सरकवला. सराफानं कड्या काट्याच्या ताटलीत ओतल्या. निवृत्तीभाऊंनी वाकून आकडा बघितला. तीनशे चौऱ्याऐंशी.

ते खरोखर समाधानानं म्हणाले, "बरोबर हाय. काय बी गेलं नाय."